रूटचा पासवर्ड नसताना आपली एक्सऑर्ग कॉन्फिग फाइल कशी चालवावी

तीच फाइल, तीच कमांड. घरच्या लॅपटॉपवर ती निमूट चालली. प्रशिक्षण वर्गाच्या हॉलमधल्या मशीनने मात्र नन्नाचा पाढा लावला. प्रोजेक्टर फुल एचडी होता, पण मध्ये एक जुनाट व्हीजीए स्प्लिटर बसवलेला. त्यामुळे प्रोजेक्टर आपली जी ओळख मशीनला कळवतो, म्हणजे ईडीआयडी, ती वाटेतच गळून जात होती. ओळख मिळाली नाही की लिनक्स कर्नल १०२४ बाय ७६८ च्या पुढचे रिझोल्यूशन देऊच करत नाही. मी घरून एक्सऑर्गची कॉन्फिग फाइल लिहून नेली होती. ती होम फोल्डरमध्ये ठेवली, कमांड दिली, आणि उत्तर आले: वाढीव अधिकार असताना -कॉन्फिगला रिलेटिव्ह पाथच (‘/’ ने सुरू न होणारा अर्धा पत्ता) द्या, आणि त्यात दोन टिंबे चालणार नाहीत. अ‍ॅडमिन रजेवर, सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याची मुभा) नाही, समोर वीस जण बसलेले.

तेव्हा वाटले, फाइलच चुकली असणार. फाइल बरोबर होती. फरक होता तो एक्स सर्व्हर, म्हणजे पडदा रंगवणारा आणि कीबोर्ड-माउसचे ऐकणारा एक्सऑर्ग हा प्रोग्रॅम, कोणाच्या नावाने चालतो यात. घरी तो माझ्या नावाने चालत होता, हॉलमध्ये रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या. हे एकदा कळले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, म्हणून या लेखाचा रोखही तिकडेच आहे.

सुरुवातीला एक खुलासा. इथे सगळ्या कमांड, फाइलींची नावे आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे. फाइलीच्या शेवटी जे ‘कॉन्फ’ येते ते सी, ओ, एन, एफ या चार अक्षरांचे. ‘एक्स११’ या फोल्डरमधला एक्स कॅपिटल, आणि ‘एक्सऑर्ग’ हे प्रोग्रॅमचे नावही कॅपिटल एक्सने सुरू होते, त्याच नावाची फोल्डर मात्र लहान एक्सने. लिनक्सला अशा गोष्टींचे वावडे फार. कॉन्फिग फाइलीच्या आत मात्र तो उदार असतो: तिथल्या कीवर्डमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही.

आधी पाहा, तुम्ही एक्सवर आहात का

टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

```
एको $एक्सडीजी_सेशन_टाइप
```

उत्तर ‘वेलँड’ (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) आले तर या लेखातले बहुतेक काही तुम्हाला लागू नाही. वेलँडमध्ये सगळ्यांची मिळून अशी एक कॉन्फिग फाइल नसतेच. पडदा, कीबोर्ड, माउस हे सगळे ज्या त्या कंपोझिटरच्या, म्हणजे तिथे पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये असते, आणि ती सेटिंग तशीही तुमच्या होम फोल्डरमध्येच असतात. उबुंटू २५.१० ने ग्नोमचे एक्सवरचे सेशन काढून टाकले, रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्स १० मध्ये तर एक्सऑर्ग सर्व्हरच नाही. पण एक्सएफसीई, माते, आय३ वापरणारे, जुन्या मशीनवर काम करणारे आणि कॉलेजच्या लॅबमधले लोक अजून एक्सवरच आहेत. पुढचे त्यांच्यासाठी.

सर्व्हर कोणाच्या नावाने चालतो आहे

```
पीएस -ओ यूझर,पीआयडी,आर्ग्स -सी एक्सऑर्ग
```

इथला ‘सी’ कॅपिटल, ‘ओ’ लहान. पहिल्या रकान्यात तुमचे नाव दिसले तर निम्मी लढाई जिंकली. ‘रूट’ दिसले तर पुढचा मामला थोडा वाकडा आहे, अशक्य नाही. मात्र यात एक मेख आहे. आत्ता जो सर्व्हर चालू दिसतो तो लॉगिन मॅनेजरने, म्हणजे नाव-पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यामागच्या प्रोग्रॅमने, सुरू केलेला असू शकतो. तुम्ही स्वतः कन्सोलवरून, म्हणजे ग्राफिक्स नसलेल्या काळ्या पडद्यावरून, सुरू केलेला सर्व्हर वेगळ्या अधिकाराने चालू शकतो. लाइटडीएम हा लॉगिन मॅनेजर सर्व्हर रूट म्हणूनच चालवतो. त्याच मशीनवर ‘स्टार्टएक्स’ या कमांडने सुरू केलेला सर्व्हर तुमच्या नावाने चालणे अगदी शक्य आहे. म्हणून ही तपासणी दोन्ही प्रकारे करावी.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. एक्स सर्व्हर थेट ग्राफिक्स कार्डाशी बोलायचा, त्याला रूट लागायचेच, आणि त्यासाठी त्या प्रोग्रॅमवर सेटयूआयडीचा शिक्का असायचा. म्हणजे चालवणारे तुम्ही, पण अधिकार रूटचे. पडद्याचा मोड बदलण्याचे काम कर्नलकडे गेल्यावर ही गरज कमी झाली. २०१४ च्या १.१६ आवृत्तीपासून सिस्टिमडीचे लॉगइनडी (कोण लॉगिन आहे त्याचा हिशेब ठेवणारा भाग) कार्डाची आणि कीबोर्डची दारे उघडून देते, सर्व्हर सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात चालतो. डेबियनने ९ व्या आवृत्तीत हेच नेहमीचे केले. जुना सेटयूआयडीचा भाग त्यांनी ‘एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-लेगसी’ नावाच्या वेगळ्या पॅकेजमध्ये काढून ठेवला.

त्या पॅकेजमध्ये एक छोटा दरवान असतो, ‘एक्सऑर्ग.रॅप’. एक्सऑर्ग कमांड दिली की आधी हा उठतो, पाहतो की रूटची खरेच गरज आहे का, नसेल तर अधिकार सोडून देतो आणि मग खऱ्या सर्व्हरला सोडतो. त्याचे नियम या फाइलीत असतात:

```
/ईटीसी/एक्स११/एक्सरॅपर.कॉन्फिग
```

ही फाइल तुम्हाला बदलता येणार नाही, पण वाचता येते. दोन ओळी शोधा. ‘अलाउड_यूझर्स’ समोर ‘कन्सोल’ असेल तर प्रत्यक्ष मशीनसमोर बसलेल्यालाच सर्व्हर सुरू करता येतो. ‘रूटओन्ली’ असेल तर गाशा गुंडाळा. ‘नीड्स_रूट_राइट्स’ समोर ‘येस’ असेल तर सर्व्हर रूटच्या अधिकारानेच चालणार. ‘ऑटो’ असेल किंवा ती ओळच नसेल तर दरवान कार्ड पाहून ठरवतो. हॉलमधल्या मशीनवर तिथे ‘येस’ होते. कोणी, कधी, कशासाठी लिहिले ते कोणालाच आठवत नव्हते.

नियम असा का

वाढीव अधिकारात चाललेला सर्व्हर तुमची होममधली फाइल का नाकारतो? कॉन्फिग फाइल म्हणजे नुसती रंगरूपाची यादी नसते. तिच्यात ‘फाइल्स’ नावाचा भाग असतो आणि त्यात ‘मॉड्यूलपाथ’ लिहिता येतो, म्हणजे ड्रायव्हर कुठून उचलायचे तो पत्ता. तिथे मी माझ्या फोल्डरचा पत्ता देऊन त्यात स्वतः लिहिलेला ‘ड्रायव्हर’ ठेवला, आणि सर्व्हर रूट असेल, तर माझा कोड रूट म्हणून चालला. पासवर्ड विचारायचाही प्रश्न आला नाही.

ही भीती पुस्तकी नाही. १.१९ पासूनच्या आवृत्त्यांत -मॉड्यूलपाथ आणि -लॉगफाइल या दोन पर्यायांची तपासणी नीट होत नव्हती, त्यामुळे सेटयूआयडी असलेल्या मशीनवर साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता किंवा लॉगच्या नावाखाली सिस्टिमची कुठलीही फाइल पुसून लिहू शकत होता. सुरक्षेतल्या चुकांच्या यादीत सीव्हीई-२०१८-१४६६५ हा त्याचा क्रमांक. ऑक्टोबर २०१८ मध्ये १.२०.३ आवृत्तीत दुरुस्ती आली. एक्स.ऑर्गच्या निवेदनात ही चूक शोधल्याचे श्रेय नरेंद्र शिंदे यांना दिले आहे. आडनाव वाचून मी ते निवेदन दोनदा वाचले होते, हे कबूल करतो.

तेव्हा नियम असा. सर्व्हर वाढीव अधिकारात असेल तर -कॉन्फिगला फक्त अर्धा पत्ता द्यायचा, आणि तो ‘/ईटीसी/एक्स११’ किंवा ‘/यूएसआर/ईटीसी/एक्स११’ च्या आतलाच समजला जाणार. तिथे फाइल ठेवायला रूट लागते, म्हणजे रूटने पाहिलेलीच फाइल वापरता येते. सर्व्हर तुमच्याच अधिकारात असेल तर पूर्ण पत्ता चालतो, होममधला सुद्धा. एक्सऑर्गच्या माहितीपानात ‘रूट असाल तर’ आणि ‘साधे वापरकर्ते असाल तर’ अशी विभागणी आहे. आजच्या सर्व्हरपुरते ती ‘अधिकार वाढवलेले आहेत की नाहीत’ अशी वाचावी. माझा घोळ तिथेच झाला होता.

फाइल लागतेच का

इतके सगळे सांगून झाल्यावर हे विचारणे म्हणजे जेवण झाल्यावर भूक होती का विचारण्यासारखे आहे. पण खरे सांगायचे तर त्या दिवशी हॉलमधले काम फाइलीशिवायच झाले. सर्व्हर चालू असताना त्याच्याकडून बरेच काही करून घेता येते आणि त्याला कसलाही अधिकार लागत नाही.

पडद्याचा नवा मोड आधी मोजून घ्यायचा:

```
सीव्हीटी १९२० १०८० ६०
```

उत्तरात एक मोडलाइन येते. त्यात पिक्सेल क्लॉक १७३.०० मेगाहर्ट्‌झ, आडवे चार आकडे १९२० २०४८ २२४८ २५७६, उभे चार १०८० १०८३ १०८८ ११२०. प्रत्येक चौकडीत पहिला आकडा दिसणारे चित्र, शेवटचा एकूण लांबी, आणि मधले दोन म्हणजे सिंकचा ठोका कुठे सुरू आणि कुठे बंद. १७ कोटी ३० लाखांना २५७६ गुणिले ११२० ने भागा, ५९.९६ येतात. सेकंदाला इतक्या वेळा पडदा रंगवला जाणार. हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा. मग मोडलाइन म्हणजे मंत्र वाटत नाही.

मग तीन कमांड:

```
एक्सरँडआर --न्यूमोड हॉल १७३.०० १९२० २०४८ २२४८ २५७६ १०८० १०८३ १०८८ ११२० -एचसिंक +व्हीसिंक
एक्सरँडआर --अ‍ॅडमोड व्हीजीए-१ हॉल
एक्सरँडआर --आउटपुट व्हीजीए-१ --मोड हॉल
```

‘हॉल’ हे मी दिलेले नाव, तुम्ही काहीही द्या. ‘व्हीजीए-१’ हे प्रोजेक्टर जोडलेल्या आउटपुटचे नाव, तुमच्याकडचे नुसते ‘एक्सरँडआर’ चालवून पाहा. जुन्या स्प्लिटरला १७३ मेगाहर्ट्‌झ झेपले नाही तर चित्र थरथरते किंवा कडेला सावल्या पडतात. अशा वेळी सीव्हीटीला -आर लावा. मधली रिकामी जागा कमी होते, क्लॉक १३८.५० वर येतो आणि पुष्कळ प्रोजेक्टर ते आनंदाने घेतात. आमच्या प्रोजेक्टरनेही तेच घेतले.

कीबोर्डचेही तसेच. मराठी इनस्क्रिप्टसाठी कॉन्फिग फाइलीत ‘इनपुटक्लास’चा भाग लिहा असे सांगणारे भेटतात. एका ओळीत काम होते:

```
सेटएक्सकेबीमॅप -लेआउट यूएस,इन -ऑप्शन जीआरपी:आल्ट_शिफ्ट_टॉगल
```

आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की इंग्रजी-देवनागरी अदलाबदल. माउस आणि टचपॅडसाठी ‘एक्सइनपुट’, पडदा विझण्याच्या वेळेसाठी ‘एक्ससेट’. या ओळी होममधल्या ‘.एक्सप्रोफाइल’ फाइलीत टाकल्या की बहुतेक लॉगिन मॅनेजर त्या दर वेळी चालवतात. स्टार्टएक्स वापरणाऱ्यांनी त्या ‘.एक्सइनिटआरसी’ मध्ये, विंडो मॅनेजर सुरू होण्याच्या ओळीच्या वर टाकाव्यात. खाली टाकल्या तर त्या लॉगआउट झाल्यावर चालतील, आणि त्या ओळीत ‘एक्झेक’ असेल तर चालणारच नाहीत. मी हे केलेले आहे.

मग फाइल कधी लागते? ड्रायव्हर बदलायचा असेल तेव्हा. एकाच मशीनवर दोन वेगळ्या मांडण्या हव्या असतील आणि सर्व्हर उठल्याक्षणीच त्या लागू व्हायला हव्या असतील तेव्हा. किंवा पडदाच नसलेल्या मशीनवर खोटा पडदा उभा करायचा असेल तेव्हा. ही कामे चालत्या सर्व्हरला सांगून होत नाहीत.

फाइल लिहिणे

जुन्या काळच्या दोनशे ओळींच्या फाइली विसरा. सर्व्हर आता बहुतेक गोष्टी स्वतः ओळखतो. जे त्याला कळत नाही तेवढेच लिहायचे. हॉलच्या प्रोजेक्टरसाठी माझी फाइल एवढीच आहे:

```
सेक्शन "मॉनिटर"
    आयडेंटिफायर "व्हीजीए-१"
    मोडलाइन "हॉल" १३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११ +एचसिंक -व्हीसिंक
    ऑप्शन "प्रिफर्डमोड" "हॉल"
एंडसेक्शन
```

सगळी गंमत आयडेंटिफायरच्या ओळीत आहे. तिथे आउटपुटचे नाव जसेच्या तसे लिहिले तर सर्व्हर हा भाग त्याच आउटपुटला जोडतो, बाकी काही लिहावे लागत नाही. पण तेच आउटपुट ‘मोडसेटिंग’ ड्रायव्हर ‘व्हीजीए-१’ म्हणतो आणि जुना ‘इंटेल’ ड्रायव्हर मधली रेघ न देता ‘व्हीजीए१’. एएमडीच्या ड्रायव्हरखाली एचडीएमआयचे नाव ‘एचडीएमआय-ए-०’ असते. एका मशीनची फाइल दुसऱ्यावर नेली आणि काहीच झाले नाही, चूकही दिसली नाही, तर दहापैकी नऊ वेळा ही रेघच कारण असते. आधी नुसते ‘एक्सरँडआर’ चालवून नाव पाहावे आणि ते उतरवून घ्यावे.

फाइल वापरण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत गल्लत होते. ‘-कॉन्फिग’ मुख्य फाइलीच्या जागी तुमची फाइल घेतो. ‘-कॉन्फिगडिर’ तुकड्यांचे फोल्डर बदलतो, म्हणजे २०१० च्या १.८ आवृत्तीपासून आलेले ‘/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी’. त्यातल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून नावाआधी १०, २० असे आकडे असतात, आणि नाव ‘.कॉन्फ’ ने संपत नसेल तर फाइल वाचलीच जात नाही. तुम्ही -कॉन्फिग दिले तरी ते तुकड्यांचे फोल्डर चालूच राहते. अ‍ॅडमिनने तिथे काही लिहून ठेवले असेल तर ते तुमच्या फाइलीबरोबर मिसळते. आपल्या फाइलीत नसलेली गोष्ट पडद्यावर दिसली तर तिथे डोकवा. ‘/यूएसआर/शेअर/एक्स११’ खालचे तसेच फोल्डर तर दोन्ही पर्यायांत वाचले जातेच.

चालवून पाहणे

आत्ताच्या डेस्कटॉपला हात न लावता प्रयोग करा. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, काळा कन्सोल येईल, लॉगिन करा. मग:

```
स्टार्टएक्स -- -कॉन्फिग /होम/तुमचेनाव/हॉल.कॉन्फ
```

मधल्या दोन रेघा महत्त्वाच्या. त्यांच्या डावीकडचे सगळे डेस्कटॉपसाठी, उजवीकडचे सर्व्हरसाठी. स्टार्टएक्स मोकळा डिस्प्ले क्रमांक स्वतः शोधतो आणि सर्व्हर याच कन्सोलवर उघडतो. रूटशिवायच्या सर्व्हरला तसेच लागते. ज्या कन्सोलवर तुम्ही लॉगिन केले त्याच्याच चाव्या लॉगइनडी तुम्हाला देते.

डावीकडे वेगळा डेस्कटॉप द्यायचा असेल तर त्याचा पत्ता ‘/’ किंवा ‘./’ ने सुरू करा, नाहीतर स्टार्टएक्स त्याला कार्यक्रम न समजता नुसता पर्याय समजतो.

फाइल सापडली नाही किंवा चुकली तर सर्व्हर पडतो आणि तुम्ही परत काळ्या कन्सोलवर येता. घाबरण्यासारखे काही नाही, पहिला डेस्कटॉप आपल्या जागी असतो. उबुंटूत आणि ग्नोममध्ये बहुधा एफ२, काही ठिकाणी एफ१ किंवा एफ७ वर. सिस्टिमची फाइल बदलून मशीन रीबूट करण्यापेक्षा हा मार्ग शंभरपट सुरक्षित आहे. रूटचा पासवर्ड असलेल्यांनीही आधी असाच प्रयोग करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्व्हर वाढीव अधिकारात चालणारा असेल तर वरची कमांड नाकारली जाईल. मग फाइल ‘/ईटीसी/एक्स११’ मध्ये असायला हवी आणि कमांडमध्ये नुसते नाव:

```
स्टार्टएक्स -- -कॉन्फिग हॉल.कॉन्फ
```

इथे अनेकांना चकवा लागतो. आपण ज्या फोल्डरमध्ये उभे आहोत तिथे ‘हॉल.कॉन्फ’ आहे, मग सापडत का नाही? कारण अर्धा पत्ता तुमच्या फोल्डरपासून नाही, ‘/ईटीसी/एक्स११’ पासून मोजला जातो. दुसरा चकवा ‘~’ चा. दिसायला तो अर्धा पत्ता वाटतो, पण शेल त्याचा विस्तार करून सर्व्हरच्या हाती पूर्ण पत्ताच देतो.

कधी कधी सुचवले जाते की अ‍ॅडमिनकडून ‘/ईटीसी/एक्स११’ मध्ये तुमच्या होममधल्या फाइलीचा सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारे नुसते नाव) एकदाच करून घ्या, मग फाइल हवी तशी बदला. चालते खरे. पत्त्यात दोन टिंबे नाहीत, तपासणी पास. पण वरचा मॉड्यूलपाथचा प्रकार आठवा: त्या सिमलिंकमुळे ते खाते वापरणाऱ्या कोणालाही रूट होण्याची किल्ली मिळते. एकट्याच्या लॅपटॉपवर मर्जी तुमची. जिथे दहा जण बसतात त्या मशीनवर हे करू नये, आणि अ‍ॅडमिनने नकार दिला तर त्याच्यावर रागावू नये.

दर वेळी लांब कमांड नको असेल तर होममध्ये ‘.एक्ससर्व्हरआरसी’ नावाची फाइल करा:

```
एक्झेक /यूएसआर/बिन/एक्सऑर्ग -नोलिसन टीसीपी -कॉन्फिग /होम/तुमचेनाव/हॉल.कॉन्फ "$@" व्हीटी$एक्सडीजी_व्हीटीएनआर
```

आता नुसते ‘स्टार्टएक्स’ पुरे. लक्षात ठेवा, दोन रेघांनंतर काहीही लिहिले की स्टार्टएक्स ही फाइल पाहत नाही.

पडदाच नसेल तेव्हा

सामान्य वापरकर्त्याला स्वतःच्या फाइलीचा सर्वांत जास्त उपयोग मला इथे दिसला. दूरच्या मशीनवर एसएसएचने गेलो आहोत, तिथे मॉनिटर नाही, पण ग्राफिकल प्रोग्रॅम चालवायचा आहे. त्यासाठी ‘डमी’ ड्रायव्हर आहे. तो मेमरीतच पडदा रंगवतो. त्याला ना कार्ड लागते, ना कन्सोल, ना रूट. एक्सप्रा हे दूरस्थ डेस्कटॉपचे साधन नेमके हेच करते. आपल्या सोबतच्या कॉन्फिग फाइलीने ते सामान्य वापरकर्त्याच्या अधिकारात एक्सऑर्ग उठवते. डमी ड्रायव्हरचे पॅकेज मात्र मशीनवर आधीच असायला हवे.

```
सेक्शन "सर्व्हरफ्लॅग्स"
    ऑप्शन "डोन्टव्हीटीस्विच" "ट्रू"
    ऑप्शन "ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस" "फॉल्स"
एंडसेक्शन
सेक्शन "डिव्हाइस"
    आयडेंटिफायर "खोटेकार्ड"
    ड्रायव्हर "डमी"
    व्हिडिओरॅम २५६०००
एंडसेक्शन
सेक्शन "मॉनिटर"
    आयडेंटिफायर "खोटापडदा"
    होरिझसिंक ५.०-१०००.०
    व्हर्टरिफ्रेश ५.०-२००.०
    मोडलाइन "हॉल" १३८.५० १९२० १९६८ २००० २०८० १०८० १०८३ १०८८ ११११
एंडसेक्शन
सेक्शन "स्क्रीन"
    आयडेंटिफायर "स्क्रीन०"
    डिव्हाइस "खोटेकार्ड"
    मॉनिटर "खोटापडदा"
    डिफॉल्टडेप्थ २४
    सबसेक्शन "डिस्प्ले"
        डेप्थ २४
        मोड्स "हॉल"
        व्हर्च्युअल १९२० १०८०
    एंडसबसेक्शन
एंडसेक्शन
```

व्हिडिओरॅमचा आकडा किलोबाइटमध्ये. ‘ऑटोअ‍ॅडडिव्हायसेस’ची ओळ विसरलात तर सर्व्हर त्या मशीनचा खरा कीबोर्ड-माउस पकडायला जातो आणि परवानगी नाही म्हणून लॉगभर कुरकुरतो. चालवताना दरवानाला वळसा घालून थेट सर्व्हरचा प्रोग्रॅम हाकायचा, कारण दरवान एसएसएचवरून आलेल्याला आत घेत नाही. डेबियन आणि उबुंटूत तो इथे असतो:

```
/यूएसआर/लिब/एक्सऑर्ग/एक्सऑर्ग :२० -नोरिसेट -कॉन्फिग /होम/तुमचेनाव/डमी.कॉन्फ -लॉगफाइल /होम/तुमचेनाव/डमी.लॉग
```

मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘डिस्प्ले’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘:२०’ करून प्रोग्रॅम सुरू करा. मशीन इतरही वापरत असतील तर -ऑथ पर्यायाने एक्सऑथची फाइल, म्हणजे डिस्प्लेची चावी, द्यायला विसरू नका. स्टार्टएक्स हे काम आपणहून करतो, थेट हाकलेला सर्व्हर करत नाही.

अडलात तर लॉग वाचा

रूटशिवाय चाललेल्या सर्व्हरचा लॉग इथे मिळतो:

```
~/.लोकल/शेअर/एक्सऑर्ग/एक्सऑर्ग.०.लॉग
```

रूट म्हणून चाललेल्याचा ‘/व्हार/लॉग’ मध्ये. सर्व्हर कोणत्या अधिकारात चालला हे ओळखायची ही आणखी एक खूण. कोणत्या फोल्डरमधल्या लॉगची वेळ ताजी आहे ते पाहा. शून्याच्या जागी डिस्प्लेचा क्रमांक येतो.

वरच्या काही ओळींतच ‘यूझिंग कॉन्फिग फाइल’ अशी ओळ शोधा. तिच्या आधी कंसात दोन अधिक चिन्हे असतील तर ती फाइल तुमच्या कमांडमधून आली, म्हणजे सांगितलेले ऐकले गेले. दोन बरोबर चिन्हे म्हणजे सर्व्हरने स्वतःहून निवडले, तुमच्या फाइलीकडे पाहिलेही नाही. पुढे दोन चांदण्या असलेल्या ओळी फाइलीतून घेतलेल्या गोष्टींच्या, दोन वजा चिन्हे असलेल्या हार्डवेअरला विचारून मिळालेल्या. दोनदा कॅपिटल ई म्हणजे चूक. आधी त्या ई शोधाव्यात, पण पहिलीवर थांबू नये. कारण बऱ्याचदा पहिली ई निरुपद्रवी असते, एखादे नसलेले मॉड्यूल मिळाले नाही एवढेच. सर्व्हर पडण्याच्या लगेच आधीची ई खरी.

‘पार्स एरर’ आला तर ओळीचा आकडाही येतो. मात्र चूक पुष्कळदा त्याच्या वरच्या ओळीत असते, न मिटलेले अवतरणचिन्ह किंवा विसरलेले ‘एंडसेक्शन’. ‘ओन्ली कन्सोल यूझर्स’ असे काही आले तर तुम्ही डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवरून किंवा एसएसएचवरून प्रयत्न करत आहात, काळ्या कन्सोलवर जा. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ आला की ड्रायव्हरचे नाव तपासा. ‘सर्व्हर इज ऑलरेडी अ‍ॅक्टिव्ह’ आला तर दुसरा डिस्प्ले क्रमांक द्या. लॉकची फाइल पुसण्याची घाई नको, त्या क्रमांकावर दुसऱ्या कोणाचे तरी काम चालू असू शकते.

अ‍ॅडमिनला काय मागायचे

लॉगिनच्या ग्राफिकल पडद्यातून आत येणाऱ्यांना, लाइटडीएम किंवा एसडीडीएम असेल तर, स्वतःची फाइल देण्याची सोय नाही. सर्व्हर तुमच्या आधी उठलेला असतो आणि तो लॉगिन मॅनेजरचा असतो. तिथे, किंवा ‘येस’वाल्या मशीनवर, मागावेच लागते. ‘मला सुडो द्या’ म्हटले तर नकार ठरलेला. त्यापेक्षा तयार फाइल हातात द्यावी आणि नेमके मागावे. मी पाठवलेली चिठ्ठी अशी होती:

‘सोबतची हॉल.कॉन्फ ही पाच ओळींची फाइल /ईटीसी/एक्स११ मध्ये ठेवाल का? मालकी रूटचीच असू द्या, मला फक्त वाचता आली तरी पुरे. तिच्यात फाइल्स किंवा मॉड्यूल यांचा भाग नाही, फक्त प्रोजेक्टरचा एक मोड आहे. नेहमीच्या सेशनला तिचा काही परिणाम होणार नाही, स्टार्टएक्सबरोबर नाव दिले तरच ती वाचली जाते. शिवाय एक्सरॅपर.कॉन्फिगमध्ये नीड्स_रूट_राइट्स समोर येस आहे. या कार्डाला त्याची गरज नसेल तर ते ऑटो करून पाहाल का?’